हार्प: कोपर वर की खाली?

पाश्चात्त्य वाद्यवृंदात एका कडेला माणसापेक्षा उंच, कमानदार मानेचं हार्प उभं असतं. 47 तारा, तळाशी 7 पेडल आणि वजन पस्तीस-चाळीस किलोच्या घरात. नवशिका तारांची ती दाटी बघूनच बिचकतो. खरं तर तारांचं एवढं भय नको. सा म्हणावा अशा ‘सी’च्या तारा लाल आणि ‘एफ’च्या काळ्या किंवा निळ्या असतात, त्यामुळे खाणाखुणा लवकर लक्षात येतात. छळतं ते कोपर.

त्याआधी बैठक. हार्प मागे झुकवून उजव्या खांद्यावर टेकवायचं, पण त्याचा भार खांद्याने पेलायचा नाही. झुकवता झुकवता एक जागा अशी येते की वाद्य स्वतःच तोललं जातं आणि खांदा नुसता लागून राहतो. स्टूल फार खाली असलं की खांदे कानापाशी जातात. मग हाताचं कितीही समजावून सांगा, उपयोग होत नाही.

आता हात. हार्पला सतारीसारखी मिजराब नसते; बोटाच्या टोकाचा मऊ भाग थेट तारेवर येतो, म्हणून नखं बारीक कापलेली हवीत. पंजा मोसंबं धरल्यासारखा गोल ठेवायचा, अंगठा वर आणि बाकीची बोटं खाली झुकलेली. वाजवायची ती अंगठा धरून चारच बोटं. करंगळी आखूड असल्यामुळे तिला सुट्टी असते, पण तिने ऐटीत बाहेर ताठ उभं राहायचं नाही. तिने अनामिकेबरोबर मुकाट्याने आत वळायचं. ती ताठली की अख्खा पंजा आवळतो.

तार छेडल्यावर बोट कुठे जातं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवशिका तार ओढतो आणि चटका बसल्यासारखं बोट बाहेर उडवतो. त्याने सूर पातळ येतो. बोट तारेतून निघून सरळ तळव्यापर्यंत मिटलं पाहिजे, आणि अंगठा तर्जनीवर मिटला पाहिजे. सूर भरदार येतो तो या मिटण्यातून. आणि ते नीट व्हावं म्हणूनच मनगट आणि कोपर यांची सगळी उठाठेव आहे. बारीक सुरांच्या तारा वादकाच्या जवळ असतात, म्हणून उजवा हात अंगाशी दुमडलेला राहतो आणि त्याचं कोपर हळूहळू बरगडीला टेकतं. कोपर पडलं की मनगट मोडतं, मनगट मोडलं की अंगठा खाली घसरतो, आणि बोटांना मिटायला जागाच उरत नाही. अंगठा घसरलेला दिसला तर अंगठ्याला रागावू नका, आधी कोपर बघा.

मग ते उचलायचं किती? इथे दोन घराणी आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्हींचा उगम पॅरिसच्या एकाच गुरूकडे, अल्फोन्स हासेलमान्स यांच्याकडे जातो. त्यांची शिष्या आंरिएत रनिए, आणि तिच्या तालमीत तयार झालेले मार्सेल ग्रांजानी. या फ्रेंच पद्धतीत कोपर सैल आणि थोडं खाली असतं, आणि उजवं मनगट साउंडबोर्डच्या, म्हणजे तारा खाली जिच्यात अडकवलेल्या असतात त्या फळीच्या, कडेला हलकंच टेकतं. हासेलमान्स यांचेच दुसरे शिष्य कार्लोस साल्झेदो. 1901 साली त्यांनी पॅरिसच्या संगीतशाळेत हार्प आणि पियानो या दोन्हींचं पहिलं पारितोषिक मिळवलं. पुढे अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत शिकवताना त्यांनी कोपरं जवळजवळ जमिनीला समांतर उचलायला लावली आणि मनगटाला टेकू दिला नाही. वाजवून झाल्यावर हात हवेत वर नेण्याचा डौलही त्यांचाच. काहींना तो नाटकी वाटतो. मला विचाराल तर त्यात एक सोय आहे: हात वर जाताना आवळलेला पंजा सुटतो.

दोन्ही घराण्यांनी थोर वादक दिले, तेव्हा कोण खरं हा वाद नवशिक्याच्या कामाचा नाही. घोळ होतो तो सरमिसळीने, म्हणजे मनगट टेकवायचं एकाकडून आणि कोपर उचलायचं दुसऱ्याकडून. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचं हटकून हेच होतं. म्हणून एकच शिक्षक धरा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांच्याच बैठका करा. बोटांना थोडे फोड येतील, ते चालतील; पण मनगट किंवा दंड दुखू लागला तर वाजवणं तिथेच थांबवा आणि पुढच्या धड्याला शिक्षकांना आधी कोपर दाखवा.