असईचा उतार

पन्नाशी उलटलेली सहा माणसे एका टेबलावर वाकून बोटभर उंचीचे शिपाई पुढेमागे सरकवीत आहेत, हे दृश्य घरच्या मंडळींना हास्यास्पद वाटावे यात नवल नाही. आमच्या यजमानांच्या नातवाने तर, "तुमचे खेळून झाले की मला द्याल ना?" असे स्पष्टच विचारले. पण या खेळाचे कूळ तितकेसे पोरकट नाही. प्रशियाच्या तोफखान्यातील राइसविट्झ या तरुण लेफ्टनंटाने १८२४ साली नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने खेळावयाच्या लढाईचे नियम प्रसिद्ध केले, आणि ती लढाई त्या सैन्याच्या शिक्षणाचा भाग बनली. पुढे एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने घराच्या फरशीवर खेळण्यातल्या तोफा मांडून १९१३ साली या छंदावर एक पुस्तकच लिहिले.

आम्ही ग्वाल्हेरचे. तेव्हा शिंद्यांच्या फौजेची लढाई मांडावयाची हे ठरलेलेच होते. आणि तीही असईची, २३ सप्टेंबर १८०३ ची. टेबल-टेनिसची दोन टेबले जोडून त्यांवर हिरवे कापड पसरले. केळणा आणि जुई या नद्या निळ्या रंगाच्या पट्ट्यांनी दाखविल्या. एक शिपाई म्हणजे तीस माणसे, असे प्रमाण धरले. शिंद्यांचे कवायती पायदळ सुमारे १०,८००, म्हणजे ३६० शिपाई. वेलस्लीने नदीपार नेलेले नियमित सैन्य सुमारे ४,५००, म्हणजे १५०. ते रंगविण्यात दोन हिवाळे गेले. घोडदळाचे गणित मात्र जमेना. शिंदे-भोसल्यांचे तीस हजार स्वार धरले तरी हजार घोडे हवेत! अखेर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर घोडे चितारून वेळ निभावली.

इंग्रजांकडून कोणी खेळावे? कोणीच तयार होईना. चिठ्ठ्या टाकल्या, आणि वेलस्लीपद वकीलसाहेबांच्या गळ्यात पडले. त्यांचे कोणी पूर्वज शिंद्यांच्या पलटणीत होते अशी त्यांच्या घरात आख्यायिका आहे. "ही चिठ्ठी बदलून द्या हो," असे ते दोनदा म्हणाले. कोणी बदलून दिली नाही.

खरा वाद पुढेच होता. केळणेला जवळपास उतार नाही, असे वाटाडे सांगत असता, दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून वेलस्लीने ताडले की, मध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. ती होती, आणि तिच्यावर पहारा नव्हता. आता शिंद्यांच्या बाजूने खेळणाऱ्याला हे सारे वाचून ठाऊक! त्याने पहिल्याच डावात उतारावर तोफा आणून ठेवल्या, तर लढाई तेथेच संपली. शिंद्यांच्या कंपूंचा सेनानी पोलमन, हा मूळचा हनोवरचा. त्याला जे ठाऊक नव्हते ते त्याच्या जागी खेळणाऱ्याने विसरावे कसे? जाणते माणूस अजाण होऊ शकत नाही, आणि अजाण झाल्यावाचून हा खेळ खरा होत नाही. अर्धा तास आम्ही यावर भांडलो. चहा निवून गेला.

आमचे पंच गणिताचे निवृत्त अध्यापक. त्यांनी नदीवर तीन जागा निश्चित केल्या, गुपचूप फासा टाकला आणि एकाच जागेच्या पाकिटात 'उतार' असे लिहून ठेवले. वकीलसाहेबांनी चुकतमाकत दुसऱ्या प्रयत्नाला तो शोधला. तोवर पोलमनची फळी सावध झाली होती. वेलस्लीच्या अपेक्षेविरुद्ध त्या दिवशी जसा तिने तोंड फिरवून नवा मोर्चा धरला, तसाच तो येथेही धरला गेला.

माझ्याकडे घोडदळ होते. ते हलविण्यास दोन फाशांवर मिळून दहा वा अधिक दान पडले पाहिजे, हा नियम. पाच डाव गेले. माझी पट्टी तसूभर हलेना. "तीस हजार स्वार काय पुठ्ठ्याचे आहेत?" मी चिडून विचारले. "पुठ्ठ्याचेच आहेत," पंच शांतपणे म्हणाले, "आणि त्या दिवशीही ते फारसे हलले नाहीत." त्या स्वारांना मी आजवर मनातून दोषच देत आलो होतो. आता समोर पलटणी झुंजत आहेत, नदीपलीकडे म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार उभे आहेत (होय, पेशव्यांचेही, वेलस्लीच्या बाजूने), आणि मला कोणाचाच हुकूम नाही. कोणावर तुटून पडावे? सहाव्या डावालाही सातच पडले.

तोफांजवळ मात्र पाहण्यासारखे घडले. असईला शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन पडले, आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांच्या पाठीवर मारा करू लागले. आमच्या नियमांत याची तरतूद होती. आडवा ठेवलेला गोलंदाज फासा अनुकूल पडल्यास उठतो. चार उठले. तिकडे असई गावाच्या रोखाने भरकटलेली चौऱ्याहत्तरावी पलटण, प्रत्यक्षात झाली तशीच, टेबलावरही जवळजवळ संपली.

दिवेलागणीला वकीलसाहेबांनी विचारले, "माझे किती गेले?"

"अठ्ठावन्न."

त्यांनी मनाशी तिसाने गुणले असावे. प्रत्यक्ष लढाईत वेलस्लीची हानी, जखमी धरून, सुमारे सोळाशेंची होती; तरीही तो पुढे गेला आणि शिंद्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. वकीलसाहेब बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तो गेला असता. माझ्याने जाववत नाही." त्यांनी उरलेले शिपाई नदीपार मागे घेतले. पंचांनी शिंद्यांचा जय जाहीर केला. यजमानांनी पेढे आणले. ते खाल्ले गेले, पण टाळी कोणी वाजविली नाही.

रात्री शिपाई कापसात गुंडाळताना एक गोलंदाज सापडेना. सकाळी नातवाने तो टेबलावरच्या कापडाच्या घडीतून काढून दिला. पुढच्या हिवाळ्यात त्याच वर्षीची लासवारी मांडावयाची आहे. जनरल लेकच्या चिठ्ठीतून वकीलसाहेबांनी आपले नाव आधीच वगळून घेतले आहे.