मधल्या सुट्टीतील एकाकीपण
(पालक-शिक्षक सभेतील भाषण)



पाचवीच्या वर्गात मराठीचा तास चालू आहे. प्रकट वाचनासाठी एकेका विद्यार्थ्याने उठावे आणि एकेक परिच्छेद वाचावा, असा क्रम आहे. तिसऱ्या बाकावरच्या मुलाचे धड्याकडे लक्ष नाही. तो पुढची डोकी मोजतो, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे हेरतो आणि तेवढ्याच ओळी मनात घोकतो. मध्येच गुरुजी क्रम बदलतात. तो उठतो, 'घ'चा 'ध' होतो, जोडाक्षरापाशी जीभ अडते, वर्गात खसखस पिकते. पुढे घंटा होते आणि साठ मुलांच्या शाळासोबतीत तो डबा उघडून एकटाच बसतो. एकांत माणूस स्वतः निवडतो. हे एकाकीपण मात्र त्याच्यावर लादलेले असते.

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे. १८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या इंग्रज मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो स्वतःचे नावही चुकीचे लिही आणि ती चूक त्याच्या ध्यानात येत नसे. मात्र तो चलाख होता, खेळात समवयस्कांपेक्षा तसूभरही कमी नव्हता. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते, तर शाळेतला सर्वांत हुशार मुलगा हाच ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. २००७ साली 'तारे जमीन पर' या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचवला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. शालान्त परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. या सवलती मोलाच्याच आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रासाठी पालकांनी रुग्णालयाच्या किती फेऱ्या मारल्या, हे त्यांनाच ठाऊक. परंतु त्या सवलती परीक्षेच्या तीन तासांपुरत्या असतात. वर्षभर उरलेल्या मधल्या सुट्ट्यांचे काय?

तेथेच शाळा आणि घर मिळून नकळत एक अन्याय करतात. वही अपुरी राहिली की खेळाचा तास काढून घेतला जातो. संध्याकाळी मैदानाच्या वेळेला जादा शिकवणी लागते. ज्या एका ठिकाणी तो इतरांच्या बरोबरीचा, कदाचित सरसही ठरला असता, नेमके तेच ठिकाण त्याच्या हातून जाते. मैत्री तरी जुळायची कोठे? मग कोणी वर्गाचा विदूषक होतो, तर कोणाचे दर सोमवारी सकाळी पोट दुखू लागते. त्याला 'आळशी', 'मठ्ठ' म्हणून मोकळे होणे सोपे असते.

परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवला, तर मूल घरी तयारी करून येते. याला खर्च काहीच नाही. नाट्यप्रवेशातील संवाद त्याला ऐकवून पाठ करून घेता येतात. वही अपुरी राहिली तर राहू द्यावी, पण खेळाचा तास त्याचा त्याला मिळावा. आणि घरी आल्या आल्या गुणांची चौकशी करण्याआधी आईने विचारावे, "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. आठवडाभर विचारत राहावे लागेल.