कणगी आणि कारभारीण

लठ्ठ माणसाला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नसते. ‘जिभेवर ताबा ठेव’ हे वाक्य पंगतीपासून दवाखान्यापर्यंत फुकट मिळतं, आणि पंगतीत तर ते ऐकवणारेच पुढच्या क्षणाला आग्रहाची जिलबी ताटात टाकतात. माझं आजचं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. जीभ बिचारी चव सांगून मोकळी होते. किती खायचं आणि कुठे थांबायचं याचा हिशेब मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या बदामाएवढ्या भागात चालतो. जुन्या घरात कोठीची किल्ली कमरेला लावून फिरणारी कारभारीण असे ना, तसा तो भाग आहे असं समजा. अंगावरची चरबी ही तिची कणगी. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं रसायन रक्तात सोडत असतात. कणगी भरलेली असेल तर जास्त, उतरू लागली की कमी. त्यावरून कारभारीण ठरवते, घरात हात सैल सोडायचा की आखडायचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली या निरोप्याचा छडा लावला. रिकाम्या जठराकडून येणारा दुसरा निरोप्या म्हणजे घ्रेलिन. तो १९९९ मध्ये जपानी संशोधकांना सापडला.

आता निरोपच आला नाही तर काय होतं? काही मोजक्या मुलांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन तयार होत नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांकडे अशी एक मुलगी होती, वय नऊ वर्षं आणि वजन नव्वद किलोंच्या वर. कणगी ओसंडत होती, पण कारभारणीपर्यंत वर्दीच जात नव्हती, म्हणून तिच्या लेखी घरात कायमचा दुष्काळ. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्या मुलीची भूक उतरली आणि वर्षभरात सोळा किलो वजन कमी झालं. तिच्या जिभेला या काळात कोणी नवं वळण लावलं नव्हतं. मग हेच औषध सगळ्यांना का देत नाहीत, असं तुम्ही विचाराल. कारण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं. त्यांची कारभारीण कानाने जड झालेली असते. निरोप्या दाराशी ओरडतोय आणि आत ऐकू जात नाही, तिथे आणखी चार निरोपे पाठवून काय उपयोग?

‘पण मनात आणलं की लोक वजन उतरवतातच की!’ उतरवतात, आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू होते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळजवळ अर्ध्या अन्नावर ठेवलं. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वासाठी नकार देणारी, स्वखुशीने आलेली ही माणसं होती. मनाने कच्ची खासच नव्हती. तरी त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. अन्न खुलं झाल्यावर ती इतकी जेवली की अंगावरची चरबी आधीपेक्षा वर गेली. कणगी उतरली की कारभारीण घाबरते, खर्च कापते, आणि घरातल्या प्रत्येकाला बाजारात पिटाळते. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर पुरतं वर्ष उलटलं, तरी भुकेची रसायनं मूळ पातळीवर आलेली नव्हती. वजन परत वाढलेल्या माणसाला ‘टिकवता आलं नाही ना?’ म्हणताना हे वर्ष ध्यानात घ्या. जीभ नव्हे हो, कारभारीण! पुन्हा सांगतो, कारण ऐकून सोडून देण्याची आपल्याला सवय आहे.

यावरचा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. आजोबांच्या डोक्यातही हीच कारभारीण होती, मग ते सडपातळ कसे? बरोबर आहे. दोन पिढ्यांत मेंदू बदलत नाही; बाजार बदलतो, आणि तो आता कोठीच्या दारातच येऊन बसला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साधं ताजं अन्न दिलं. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पुढ्यात ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ, तंतू जवळपास सारखे. खायचं हवं तेवढं. पाकीटबंद अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, म्हणजे चार-पाच पोळ्यांची भर, आणि त्या पंधरवड्यात वजनही जवळजवळ किलोभर वाढलं. माणसं तीच, जीभ तीच. निश्चय काय पंधरा दिवसांत आटतो आणि पुढच्या पंधरा दिवसांत भरून येतो?

‘जास्त खाल्लं म्हणून वाढलं, यात रसायन कशाला आणता?’ असंही म्हणतील. जास्त धान्य आलं म्हणून कणगी भरली, हे कोण नाकारतं? प्रश्न ते आणायला कोणी धाडलं हा आहे. आणि जबाबदारी? रक्तदाबाच्या रुग्णाला आपण मीठ कमी करायला सांगतोच, पण गोळीही देतो, आणि चारचौघांत त्याची टिंगल करत नाही. लठ्ठपणावरची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं याच मेंदूच्या वाटेने भूक कमी करतात. ती बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं चाचणीत दिसलं. त्यांची किंमत, दुष्परिणाम, कोणी घ्यावीत आणि कोणी नाही, याला एक स्वतंत्र भाषण लागेल.

झोपेचं तर राहिलंच. बारा तरुणांना नुसत्या दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर लेप्टिन घटलं आणि घ्रेलिन वाढलं. मग वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरातली कारभारीण कोणत्या अवस्थेत असेल... पण वेळ संपली.