रकान्यात न मावणारे नाव

महाड-पोलादपूरकडच्या भातशेतीत खंडी, मण, पायली ही मापे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली. पुढे किलो आला. पण पायली मोजते आकारमान, किलो मोजतो वजन. पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ वजनाला सारखे भरत नाहीत. म्हणून हिशेब बदलण्याआधी विचारावे लागते, हे माप होते कशाचे?

संगणकातल्या दप्तराचेही असेच आहे. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस अशा माहिती साठवणाऱ्या निरनिराळ्या प्रणाली आहेत. प्रत्येकीत रकान्याचा प्रकार ठरलेला असतो. इथे आकडा, इथे तारीख, इथे अक्षरे. दप्तर एकीतून दुसरीत हलवायचे, तर कोणता रकाना कोणत्या प्रकारात जाईल याची जुळणी आधी करावी लागते.

नावाचेच घ्या. दोन्हीकडे रकान्याची लांबी ३० लिहिलेली असते. मायएसक्यूएल त्यात ३० चिन्हे धरते. ओरॅकल मात्र, वेगळे सांगितले नाही तर, ३० बाइट धरते आणि यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, उकार, पाय मोडल्याची खूण, सगळे वेगळे मोजायचे. आम्ही कवी मात्रा मोजतो, पण हा हिशेब त्याहून कडक! ‘अब्दुल रहमान’ या नावात चिन्हे ११ आणि मधे एक मोकळी जागा, म्हणजे ३४ बाइट. पहिल्या ठिकाणी हे नाव ऐसपैस बसते, दुसरीकडे नोंदच नाकारली जाते.

तारखेची अडचण याहून नाजूक. आपल्याकडे अनेक वृद्धांना जन्माचे सालच तेवढे ठाऊक असते. सुरुवातीच्या अनेक आधार कार्डांवरही नुसते सालच छापलेले असे. पण तारखेचा रकाना दिवस आणि महिना मागतो. मायएसक्यूएल सैल ठेवले तर तिथे शून्ये चालतात, पोस्टग्रेस ती घेत नाही. मग कुणीतरी ‘१ जानेवारी’ भरतो आणि अंदाजाची वस्तुस्थिती होऊन बसते.

आपल्या कोकणात जमिनीचे हिस्से फार. सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३ हे ‘१२/३’ असे तक्त्याच्या संगणकीय पानावर टंकले, की पुष्कळदा त्याची तारीख होते. जमिनीचा मार्च महिना होतो!

हसण्यासारखे वाटते, पण २२ जुलै २०२१ आठवा. महाड पाण्याखाली गेले, तळियेवर दरड कोसळली. घरातले कागद चिखलात गेले, की माणसाची ओळख दप्तरातच उरते. तिथे नाव अर्धे असेल, तर मदतीच्या यादीत त्याने स्वतःला शोधायचे कसे?

म्हणून दप्तर हलवणाऱ्यांनी मूळ प्रत जपावी. सर्वांत लांब नाव, सर्वांत जुनी तारीख आणि रिकामा रकाना आधी तपासावा. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत फरक आहे. ओरॅकल तर कोरी अक्षरे आणि नसलेली माहिती एकच समजते. तेव्हा ‘माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहायला एक वेगळी जागा ठेवावी. खोट्या तारखेपेक्षा ती बरी.