महोत्सवाचा दिवस आणि यतना



वर्षीतपाच्या पारण्याचा महोत्सव हा कोणत्याही संघाच्या व्यवस्थेची खरी कसोटी पाहणारा दिवस होय. फाल्गुन वद्य अष्टमीला आरंभलेले एकांतर उपवास पुढील वर्षीच्या अक्षय तृतीयेला, सुमारे १३ महिन्यांनी पूर्ण होतात. भगवान ऋषभदेवांनी हस्तिनापुरी श्रेयांसकुमारांच्या हातून इक्षुरस ग्रहण केला, त्याच्या स्मरणार्थ पारणे उसाच्या रसाने होते. जालन्यात ही तिथी ऐन उन्हाळ्यात येते. गुरू गणेशलालजी म. सा. यांच्या समाधीस्थानामुळे बाहेरगावचे श्रावकही या नगरीत मोठ्या संख्येने येतात.

तपस्व्याने आदल्या दिवशी शेवटचे पाणी सूर्यास्तापूर्वी, म्हणजे सायंकाळी पावणेसातच्या सुमारास घेतलेले असते. नवकारसीनंतर पारणे करता येते. परंतु इक्षुरस मिळेपर्यंत पुष्कळ तपस्वी पाणीही घेत नाहीत. ९ वाजता ठरलेले पारणे साडेअकरावर गेले, तर सत्तरीतील श्राविका जवळजवळ १७ तास निर्जल राहते. पत्रिकेवर छापलेली वेळ ही म्हणूनच शोभेची वस्तू नव्हे.

विलंबाचे मूळ बहुधा सत्कारात असते. नाव पुकारणे, मान्यवराने व्यासपीठावर येणे, शाल, श्रीफळ, छायाचित्र, यास प्रत्येकी २ मिनिटे धरली तरी ३० सत्कारांचा १ तास होतो. व्यापाऱ्याने हा हिशेब दुकानात कधी चुकवला नसता. उपाय साधा आहे. पारण्याची घटका प्रथम निश्चित करावी आणि तेथून मागे मोजत मंगलाचरण, प्रवचन व शोभायात्रा यांच्या वेळा ठरवाव्यात. सर्व सत्कार पारण्यानंतर ठेवावेत. दाते रुष्ट होतील ही भीती बहुतांशी निराधार असते. त्यांच्याच घरची सासू वा सून पुष्कळदा तपस्व्यांच्या रांगेत बसलेली असते.

दिवसाची सूत्रे एकाच व्यक्तीच्या हाती असावीत, आणि ती व्यक्ती व्यासपीठावर बसणारी नसावी. सूत्रसंचालकाच्या हाती येणारी प्रत्येक चिठ्ठी तिच्या नजरेखालून जावी. अध्यक्षांनी ऐनवेळी सुचविलेले नावही यास अपवाद नाही. असा नकार देण्यास गोड वाणीचा व कणखर मनाचा कार्यकर्ता लागतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. व्यासपीठावर छाया होती. समोरचा लाखोंचा समुदाय मात्र भर उन्हात बसला होता. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. अक्षय तृतीया त्यानंतर आठवडाभरातच होती. हे ध्यानी घेतले म्हणजे उपवासी तपस्व्यांच्या डोक्यावरील छायेचे मोल कळते.

छाया मात्र कशाची, हेही पाहिले पाहिजे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागून ४०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत बालके बहुसंख्य होती. कापडाच्या जाणकारास ठाऊक असते की सुती कापड जळून राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचे जळते थेंब अंगाला चिकटतात. चकाकीला भुलून छताला असे कापड लावू नये, दिवे त्यास टेकू देऊ नयेत. मंडपाला एकाहून अधिक वाटा ठेवाव्यात आणि त्या खुर्च्या मांडून बुजवू नयेत. रुग्णवाहिका तोंड रस्त्याकडे करून उभी असावी.

संतांच्या मर्यादांची विचारणा आधीच झालेली बरी. अनेक स्थानकवासी संत-सती अग्निकायाच्या विराधनेमुळे ध्वनिवर्धकाचा वापर करीत नाहीत. तेथे महागडी ध्वनियंत्रणा निरुपयोगी ठरते; बैठक अर्धवर्तुळाकार व जवळ घ्यावी, घरघरणारे जनित्र दूर ठेवावे. त्यांच्या मार्गात हिरवळ येणार नाही, हेही पाहावे. दशवैकालिक सूत्रात चालणे, बसणे, बोलणे यतनेने करण्यास सांगितले आहे. खुर्च्या मांडणारा कार्यकर्ता त्यातून वगळलेला नाही.

आणि उसाचा रस. तो आदल्या रात्री काढून पिंपांत भरण्याचा मोह टाळावा. उकाड्यात तो लवकर काळवंडतो व आंबतो, आणि रिकाम्या पोटाला बाधतो. स्वच्छ धुतलेला चरक जवळच उभा करावा. प्रवचन समाप्तीच्या १५ मिनिटे आधी सूत्रधाराने खूण करावी, तेव्हाच पहिले कांडे चरकात जावे. बर्फ मुळीच नको.