आघाताची जाण आणि शुश्रूषेची रीत

(आरोग्य कार्यकर्त्यांसमोरील भाषणाचा मजकूर)



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसराची भूमी हादरली. आदल्या दिवशीच गणेशविसर्जन झाले होते आणि दमलेली गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घरे पुन्हा बांधता येतात. परंतु ज्याने एकदा छप्पर कोसळताना पाहिले, त्याला छपराखाली निर्धास्त झोप कशी लागावी, हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही. तो शुश्रूषेचा आहे.

संकट समोर येताच मेंदू धोक्याचा इशारा देतो, अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, हृदय वेगाने धडधडू लागते आणि स्नायू ताठरतात. जीव वाचविण्यासाठी निसर्गाने केलेली ही तरतूद आहे. संकट टळल्यावर ती सहसा शांत होते. काही माणसांत मात्र ती शांत होत नाही. एखादा आवाज, वास वा स्पर्श पुरतो आणि शरीर पुन्हा त्या पहाटेत जाऊन उभे राहते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांनी या व्याधीकडे लक्ष वेधले आणि १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तिला आपल्या व्याधिसूचीत स्थान दिले. भूकंप, पूर, अपघात, घरातील मारहाण, बालपणीचा छळ अशी तिची कारणे अनेक आहेत.

आघाताची जाण ठेवून सेवा करणे म्हणजे प्रथम प्रश्न बदलणे. 'ही बाई अशी का वागते?' असे न विचारता 'हिच्यावर काय गुदरले असेल?' असे मनाशी विचारणे. आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा आवळताच एखादी स्त्री अंग चोरून घेते. परिचारिकेने तिच्यावर खेकसू नये. "ताई, आता पट्टा बांधू का? थोडे आवळल्यासारखे होईल. नको वाटले तर लगेच सांगा," एवढे आधी सांगावे. आघाताच्या क्षणी त्या व्यक्तीच्या हाती काहीच उरलेले नसते. म्हणून सेवेत तिची संमती आणि निवड तिला परत मिळाली पाहिजे. झालेली हकीकत खोदून खोदून विचारणेही टाळावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दिलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शनाचे सारही हेच आहे: पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या.

शरीराच्या साधनेचे स्थान येथेच येते. श्वास सावकाश व लांब सोडल्याने हृदयाची गती मंदावते. तळपाय जमिनीवर टेकवून तिचा आधार जाणणे, आसपासच्या पाच वस्तू न्याहाळणे, खांदे सैल सोडणे, या साध्या कृतींनी भरकटलेले मन वर्तमानात परतते. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगाचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी सजगतेची साधना रुग्णोपचारात आणली.

मात्र येथे सावधगिरी हवी. डोळे मिटून स्तब्ध बसणे काही आघातग्रस्तांना असह्य होते. श्वासाकडे लक्ष देताच घुसमट वाढते. अशांना डोळे उघडे ठेवू द्यावेत, चालू द्यावे, मध्येच थांबू द्यावे. सक्तीची शांतता ही शांतता नव्हे. तसेच ही साधना उपचाराची जागा घेत नाही. झोप, भूक व कामधंदा दीर्घकाळ बिघडला असेल, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर तज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्यापाशी असावा.

ही विद्या पाठांतराने येत नाही. दिवसभर इतरांचे दुःख ऐकणाऱ्या कार्यकर्त्याचे शरीरही ते साठवीत असते. म्हणून पहिला धडा त्याने स्वतःवरच गिरवावा. ज्याचा श्वास स्थिर आहे, त्याच्याच शेजारी भेदरलेला जीव निवांत बसू शकतो.