पिसवांचे बिऱ्हाड घरातच असते



पाळीव प्राण्यांच्या पिसवा या घरगुती विषयासाठी मलकपेठेत सभा भरवून आपण मोठे काम केले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत प्लेग धुमसत असताना डॉ. ग्लेन लिस्टन यांनी एक साधा प्रयोग केला. जिथे प्लेगने उंदीर मेले होते, अशा घरात त्यांनी गिनिपिग मोकळे सोडले. गिनिपिगांच्या अंगावर पिसवा गोळा झाल्या. उंदीर मेले, तरी त्यांच्या पिसवा भुकेल्या पोटी घरातच थांबल्या होत्या. कुत्र्या-मांजरांची पिसू प्लेग पसरवणाऱ्या उंदरांवरच्या पिसवांहून वेगळ्या जातीची. तिच्यापायी प्लेगची धास्ती घेण्याचे कारण नाही. पण बिऱ्हाड तिचेही घरातच.

मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती केसांवरून घरंगळून सतरंजीवर, दिवाणाखाली, फरशीच्या सांध्यांत पडतात. अळ्या तिथेच अंधारात वाढतात, प्रौढ पिसवांच्या विष्ठेतल्या सुकलेल्या रक्तावर जगतात आणि कोष विणतात. कोषातली पिसू कित्येक महिने दम धरते. पावलांची थरथर आणि अंगाची ऊब जाणवली की बाहेर पडते. गावाहून परतलेल्या कुटुंबाला बंद घरात पाऊल टाकताच चावे बसतात, ते यामुळेच. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के. बाकीचा सारा पसारा जमिनीवर.

म्हणून नुसत्या आंघोळीने काम भागत नाही.

मलकपेठेतल्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात अळ्या तग धरत नाहीत. मात्र कूलरच्या ओलसर हवेतली सोफ्याखालची जागा त्यांना मानवते आणि पावसाळ्यात तर सगळीकडेच फावते. जिन्याखाली विसावणारे भटके मांजर एका घरातल्या पिसवा दुसऱ्या घरात सहज पोहोचवते.

ओळख सोपी आहे. बारीक दातांच्या फणीने केस विंचरावेत आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेला प्राणी थोड्याशा चाव्यांनीही अंग ओरबाडून घेतो. खाजवता-चाटता पिसू गिळली गेली, तर पोटात पट्टकृमी होऊ शकतो. पिलांचे तर रक्तच कमी होते.

औषधाच्या बाबतीत हयगय नको. कुत्र्यांच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकते. सशाला फिप्रोनिल घातक ठरते. फिनाइल किंवा रॉकेल कोणत्याही प्राण्याच्या अंगाला लावू नये. प्राण्याची जात, वय आणि वजन पाहून पशुवैद्य सांगतील तेच औषध, तेवढ्याच मात्रेत द्यावे.

या सभेपुढे एक ठराव मांडतो. मृग लागण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्रत्येक इमारतीतल्या सगळ्या पाळीव प्राण्यांना एकाच वेळी औषध द्यावे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने ते किमान तीन महिने चालू ठेवावे. अंथरुणे दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत, सोफ्याखालचा केर रोज काढावा. इथल्या पशुवैद्यांनी त्या आठवड्यात तपासणीसाठी सकाळचे दोन तास द्यावेत, ही विनंती.